वरचं पाणी, खालचं आवण

गेल्या पावसात आमच्या आवणात मुरूम आला, आणि पाऊस सरल्यावर तो ज्या टेकडीवरून आला त्याच टेकडीवर मी नोकरी धरली. घरात काय झालं असेल ते सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण गप्प बसणं मला जमत नाही. राग नाकावर आणि तोंड त्याच्या लगेच खाली, असं माझा नवरा माझ्याबद्दल म्हणतो. तो मोहोपाड्याच्या कारखान्यात पाळ्या करतो, त्यामुळे असलं काही म्हणायला त्याला घरात फार वेळ मिळत नाही, हे त्याचं नशीब.

आवण म्हणजे भाताची रोपं. चौक आणि कर्जत यांच्या मधल्या आमच्या गावात शेताच्या वरच्या कोपऱ्यात पालापाचोळा पेटवून राब भाजतात, तिथे भात दाट पेरतात आणि रोपं वितभर झाली की उपटून साऱ्या शेतात लावतात. म्हणजे वर्षाचं भात आधी त्या एवढ्याशा कोपऱ्यात असतं. तो कोपरा गेला की उरलेल्या शेतात नुसतं पाणी भरून बघत बसायचं.

हे शेत आईंचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून शेत त्यांच्या नावावर झालं आणि सासरे घरजावई म्हणून इथे आले. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. ते पाताळगंगेच्या काठच्या गावातले. नांगर धरायला ते इथे येऊन शिकले, पण जीव सगळा माशात. शेतातलं त्यांना काही विचारा, ते म्हणणार, "तुझ्या आईला इचार." मासा कुठून चढतो ते विचारा, मग उठायला देणार नाहीत.

तर गेल्या पावसात काय झालं. आमच्या शेताच्या वर टेकडी आहे. तिथे मुंबईच्या लोकांसाठी बंगले बांधायचं काम निघालं. पोकलेन लावून टेकडीची एक बाजू खरवडून काढली आणि माती तशीच ढिगाने ठेवून दिली. मग पावसाने जोर धरला आणि ती सगळी ओढ्यात आली, आणि ओढा फुगून आमच्या वरच्या बांधावरून शेतात शिरला. शेतातला काळा गाळ आला तर आमच्याकडे कोणी रडत नाही, त्याला सोनं म्हणतात. हा मुरूम होता, लाल, खडीमिश्रित. वाळला की फरशीसारखा कडक.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पाणी वरच्या शेतातून खालच्या शेतात जातं. प्रत्येक बांधाला एक तोंड ठेवलेलं असतं, चिखलाचा गोळा आणि दगड लावून ते बंद करायचं, पाणी पुरेसं झालं की उघडून खालच्याला द्यायचं. पाणी अडवून धरलं तर भांडण होतं. पण घाण पाणी खाली सोडलं तर भांडण होत नाही, बोलणंच बंद होतं. आमच्या खालचं शेत चाचांचं. त्यांचे वाडवडील कधीतरी खाडीकडून वर आले, चौकात त्यांचं टायरचं दुकान आहे आणि शेत ते अगदी हौसेने करतात. त्या दिवशी लाल पाणी आलं तेव्हा आई भर पावसात खालच्या बांधावर गेल्या. मला वाटलं, तोंड उघडून घाण बाहेर काढतील. त्यांनी उलट आणखी दोन दगड लावून ते पक्कं बंद केलं.

"आई, अहो सोडा ना खाली! आपलं आवण चाललं!" मी ओरडले.

"आपल्या ताटातली माती दुसऱ्याच्या ताटात सारू व्हय?" त्या म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मुरूम आमच्या शेतात बसला. चाचांचं आवण वाचलं, आमचं गाडलं गेलं. मग याच्याकडून मूठभर, त्याच्याकडून मूठभर रोपं मागून आणली, चाचांनीही दिली, तरी अर्धं शेत ओसाड राहिलं. आई त्याबद्दल रडल्या नाहीत की बोलल्या नाहीत. वास घेतल्यासारखा जमिनीचा एजंट मात्र आला. पांढऱ्या गाडीतून उतरला, ओटीवर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "काकू, आता दगड झालाय त्या जमिनीचा. आहे तोवर किंमत घ्या."

आईंनी त्याची रिकामी कपबशी उचलली आणि मग म्हणाल्या, "एक पाऊस बघते. तवाबी माती आली तर कागदावर अंगठा देते."

आई बोलून फिरणाऱ्यातल्या नव्हेत. आणि वर टेकडीवर ढीग तसेच होते.

नोकरीचं झालं ते असं. गावोगावच्या तक्रारी गेल्या, बंगल्यांचं काम थांबलं, आणि राज्याच्या कार्यालयातून नवा परवाना मिळाला तो अटींची लांबलचक शेपटी लावून. त्यातल्या निम्म्या अटी पावसाच्या पाण्याच्या. साइटवरचं पाणी मातीसकट बाहेर जाता कामा नये. उताराला आडवे चर खणा, मातीचे ढीग झाका, उघड्या उतारावर गवत लावा, खाली गाळाचं तळं बांधा, त्यात पाणी थांबू दे, माती बसू दे, आणि वरचं निवळ पाणी तेवढं ओढ्यात सोडा. आणि हे सगळं पावसाच्या आत, नाहीतर काम पुन्हा बंद. हे बघायला त्यांना एक सिव्हिलवाला माणूस हवा होता. मी डिप्लोमा केलेला, लग्नाआधी खोपोलीला एका ठेकेदाराकडे काम केलेलं. शिवाय माहेर भिवपुरीचं, वडील वीजघरात. आमच्या क्वार्टर्समध्ये मुलं भांडली तरी पाणी, पाइप आणि झडपा यांवरून भांडायची. मला वाटलं, बाहेरून शंख करण्यापेक्षा आत बसून करावा. गेले, बोलले, नोकरी मिळाली.

घरी सांगितलं तर आईंनी पीठ मळता मळता हात थांबवला. एवढंच म्हणाल्या, "ज्यानं आवण गाडलं त्याचं मीठ खायला चालली." आणि त्यानंतर माझ्याशी त्यांनी बोलणं सोडलं.

म्हणजे अगदीच नाही. त्या बोलायच्या, पण मला सोडून. मी समोर उभी असले तरी नवऱ्याला सांगायच्या, "तिला म्हणावं चहा झालाय." नवरा पाळीवर असेल तर बाबांना. बाबाही नसले तर आमची एक लंगडी कोंबडी आहे, तिला. "ऐकलं का गं, म्हैस पान्हवत नाय, कुणीतरी पेंड आणा म्हणावं." कोंबडी बघायची माझ्याकडे, मी बघायची कोंबडीकडे, आणि संध्याकाळी मी पेंड आणायची. हसू यायचं, पण रात्री अंथरुणावर पडलं की वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. आईंच्या हाताखाली मी शेत शिकले होते. त्या माणसाने कोंबडीशी बोलावं आणि माझ्याशी नाही?

साइटवर दुसरी तऱ्हा. तिथला मॅनेजर साताऱ्याकडचा, माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीला त्याचं उत्तर ठरलेलं, "बघू की मॅडम, पाऊस अजून लांब आहे." चर खणायचे म्हटलं की पोकलेन दुसरीकडे गुंतलेला. ताडपत्री मागितली की गाडी अडकलेली. मी एकदा त्याच्या टेबलावर परवान्याची प्रत आपटली आणि म्हटलं, "साहेब, ही अट देव्हाऱ्यात ठेवून पुजायला दिलेली नाहीये." तो बिचारा दचकला. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं, पण मला बघितलं की तो चष्मा पुसायला लागायचा.

तळं मात्र झकास झालं. टेकडीच्या पायथ्याशी खोल खड्डा, ओढ्याच्या बाजूला मातीचा भक्कम बांध. तळ्यात एक उभा पाइप, वरच्या अंगाला भोकं पाडलेला, भोवती खडीची रास. खालचा गढूळपणा खालीच राहतो, वरचं पाणी भोकांतून आत शिरतं आणि बांधाखालून गेलेल्या आडव्या पाइपाने पलीकडे ओढ्यात पडतं. पाणी फारच वाढलं तर जायला बांधाला एका बाजूने सांडवा ठेवला होता. त्याला दगड लावायचे राहिले होते, म्हणून तेवढं तोंड तात्पुरतं मातीने बंद होतं. दगड येणार होते. दगड नेहमीच येणार असतात.

कार्यालयातून तपासणीला साहेब आले. त्यांनी पाइपाच्या तोंडाशी पाण्याची रिकामी बाटली धरली, भरली, आणि बाटलीमागे आपलं बोट धरून बघितलं. "बोट दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "गढूळ असलं तर बोट दिसत नाही. मशिनीवरच्या चाचण्या पुढच्या, आधी हे." पहिल्या सरी येऊन गेल्या होत्या, तळ्यात कमरेएवढं पाणी होतं. बोट दिसलं. नखसुद्धा दिसलं. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, मागे बोट धरलं आणि कोंबडीला म्हटलं, "सांगावं कुणालातरी, यंदा वरून असं पाणी येणार."

आईंनी ग्लासाकडे एक नजर टाकली. "तिला म्हणावं, गिलासात कुणीबी दाखवील. शेतात दाखव."

झालं. घोडामैदान जवळच होतं.

मग पावसाने दडी मारली. पेरलेलं उगवून आलं होतं, बोटाएवढी हिरवी रोपं, आणि वर कोरडं आभाळ. आमचं आवण ओलाव्यावर कसंबसं तगून होतं. चाचांचं खालच्या अंगाला असून पिवळं पडायला लागलं होतं. ते येता-जाता बांधावर थांबायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "भाभी, देगा ऊपरवाला." आई म्हणायच्या, "द्यायचं तर नितळ दे म्हणावं." हे त्या बोलायच्या चाचांशी, पण बघायच्या टेकडीकडे.

आणि एका दुपारी त्याने दिला. सकाळपासून उकडत होतं, जेवणाच्या सुट्टीत घाटाकडून काळं भरून आलं आणि असा कोसळला की साइटच्या ऑफिसच्या पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी रेनकोट चढवून चरांकडे गेले. चर व्यवस्थित वाहत होते. ढिगांवरच्या ताडपत्र्या जागेवर होत्या. सगळं पाणी जिथे जायला हवं तिथे, तळ्यात, चाललं होतं. मला वाटलं, वा रे मी! आणि मग तळ्याकडे बघितलं.

पाणी बांधाच्या टोकाला टेकायला आलं होतं.

एवढ्यात तेवढं यायचं कारणच नव्हतं. पाइप पाणी ओढत असता तर ते निम्म्यावर राहिलं असतं. म्हणजे पाइप ओढत नव्हता. बांधाच्या बाहेरच्या अंगाला माती ओली होऊन तिच्या लहान लहान ढेपा सुटायला लागल्या होत्या. हा बांध गेला असता तर सगळा मुरूम, वर्षभराचा, एका दमात आमच्या कोपऱ्यात. खाली, पावसाच्या पडद्यातून, ते बोटभर हिरवं मला दिसत होतं.

आणि मग माझा राग जो उसळला! मी धावत ऑफिसात गेले. मॅनेजर खिडकीपाशी चहा पीत होता.

"पाइपात काय टाकलंत?" मी ओरडले. "राडारोडा लोटलात ना आत? तरी सांगत होते, सांडव्याचे दगड आणा, दगड आणा! आता गेलं ना सगळं! तुमचे बंगले होतील हो, आमच्या घरी अंगठा उठेल अंगठा!"

"कसला अंगठा? मॅडम, मी काहीच—"

"चला माझ्याबरोबर! तो चहा ठेवा!"

त्याने चहा ठेवला आणि आला, ऑफिसचे काळे बूट घालून, छत्री वाऱ्याने उलटी झालेली. आम्ही बांधाला वळसा घालून ओढ्याच्या अंगाला उतरलो, जिथे पाइपाचं तोंड बाहेर येतं. आणि तिथे, गुडघाभर पाण्यात, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ घेतलेला एक माणूस ओणवा होऊन बसला होता. त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर असा आनंद, जणू घरात लग्न आहे.

"अगं ये ये!" बाबा म्हणाले. "वळगण चढली, वळगण!"

वळगण म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. नदीला पूर चढला की मासे ओढ्यांतून उलटे वर येतात, शेताशेतांत शिरतात, अंडी घालायला. तेव्हा माणसं हातातलं काम टाकून पळतात. आणि जिथे कुठे वरून पाण्याची धार पडते, तिथे बांबूचा सापळा लावायचा, कारण मासा धारेकडे झेपावतो. धार जोराची असली तर तो जवळ येत नाही, म्हणून चिखलाचा गोळा लावून धार जरा दबवायची. बांधाच्या तोंडाशी वर्षानुवर्षं लोक हेच करत आलेत. बाबांनीही तेच केलं होतं. फरक इतकाच, की त्यांनी आमच्याच साइटवरची सिमेंटची रिकामी गोणी घेतली, ती चिखलाने भरली, पाइपाच्या तोंडात कोंबली, बाहेरून मोठाले दगड टेकवले आणि खाली सापळा लावला. बांधामागे एका शेताचं नव्हे, अख्ख्या टेकडीचं पाणी आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सापळ्यात शिवडे, मळे असले मासे फडफडत होते.

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली मी! संन्यासी माझ्या शेजारी उभा राहून चष्मा पुसत होता.

"बाबा," मी म्हटलं, "काढा ती गोणी. आत्ताच्या आत्ता."

"अगं, अडवलं नाय मी पाणी. जरा दबवलंय. घटकाभर थांब, अजून मोठे यायचे हायत—"

"बाबा, वर बघा! बांध फुटायला आलाय! सगळी माती आईंच्या आवणात जाईल! शेत जाईल तुमचं, कळतंय का? आई अंगठा देतील!"

बाबांनी मान वर केली. बांधाच्या उतारावरून एक ढेप सुटली आणि त्यांच्या पायाशी येऊन पडली. त्या क्षणी त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मला माझ्याच बोलण्याचं वाईट वाटलं. "आरं देवा," ते म्हणाले, "माझ्या हातून..." आणि सापळा सोडून ते दगडांवर तुटून पडले.

"समोर उभे राहू नका!" मी ओरडले. "गोणी सुटली की धारेसकट अंगावर येईल! बाजूने या!" मी एका बाजूने, बाबा दुसऱ्या बाजूने. दगड ओले, जड, आणि बाबांनी ते असे नेटके बसवलेले की हलता हलेनात. आयुष्यभर बांध रचलेला हात, त्यात कसूर ती कसली! पावसाने डोळे उघडता येत नव्हते. मॅनेजर म्हणाला, "पोकलेन आणतो." मी म्हटलं, "त्याच्या धक्क्यानेच फुटेल." मग तो बुटांसकट पाण्यात उतरला, माझ्याशेजारी वाकला आणि सगळ्यात मोठ्या दगडाखाली त्याने हात घातले.

"एक, दोन—" तो म्हणाला.

तीन म्हणायची वेळ आलीच नाही. दगड कलंडला आणि गोणी तोफेतून सुटावी तशी सुटली. बाबांचा सापळा, त्यांची खोळ, मासे, सगळं एका झपाट्यात ओढ्यातून खाली गेलं. मॅनेजर मागच्या मागे पाण्यात बसला. चष्मा गेला. पाइपातून धो धो पाणी पडायला लागलं, आणि मी बांधावर चढून बघितलं. पाणी उतरत होतं. हळूहळू, पण उतरत होतं. कडेच्या ओल्या मातीवर आधीच्या पातळीची रेघ उघडी पडत होती.

पण धोका टळला नव्हता. कारण धारेची सुरुवात तांबडी होती. गोणीतला चिखल, आमच्या पायांनी ढवळलेली माती, सगळं त्यात होतं, आणि ते आमच्या शेताकडेच निघालं होतं. मी मॅनेजरला म्हटलं, "तुम्ही इथे थांबा, बांधावर नजर ठेवा," आणि पळत सुटले. ओढ्याच्या काठाने, चपला हातात घेऊन, त्या तांबड्या पाण्याशी शर्यत लावल्यासारखी. एवढंसं आवण, बोटभर रोपं. त्यांना गाडायला किती माती लागते? मागून बाबांच्या धापा ऐकू येत होत्या. पाण्याने अर्थातच मला केव्हाच मागे टाकलं.

मी पोहोचले तोवर पाऊस विरळ झाला होता. ओढ्याचं पाणी आमच्या शेतात शिरतं त्या वरच्या तोंडाशी आई उभ्या होत्या, हातात फावडं, लुगडं वर खोचलेलं. त्यांच्या पायाशी चिखलाचा एक मोठा गोळा पडला होता. तो मी बघितला आणि समजले. तांबडं येताना त्यांना लांबूनच दिसलं होतं. त्यांनी तोंड बंद केलं, तांबडं ओढ्यातून पुढे जाऊ दिलं, आणि मागून येणारं पाणी बघून पुन्हा उघडलं होतं. पण मागून आलेलं तरी कसं आहे? माझं अजून धाडस होत नव्हतं. शेवटी मी मान खाली घातली.

आवणाच्या कोपऱ्यात पाणी पसरत होतं. हिरवी टोकं पाण्यावर उभी होती, एकही आडवी नव्हती. आई घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्या पाण्यातून मला त्यांच्या पायांची बोटं दिसली. बोटांतली जोडवी दिसली. एका जोडव्यात अडकलेली गवताची काडीसुद्धा दिसली.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच बांधावर बसले आणि मला रडूच फुटलं. मागून बाबा आले, धापा टाकत, हात जोडल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. मीच पाइप दबवला, माशासाठी. तिनं बगितलं म्हणून बरं, नायतर—"

आईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खोळ नाही, सापळा नाही, मासा नाही. "आनी मासे कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"गेले."

"मंग दोन्हीकडून गेलात की तुमी," आई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. बाबांना तेवढं पुरलं. ते ताबडतोब सापळा शोधायला ओढ्याच्या खालच्या अंगाला निघून गेले.

मी डोळे पुसत होते. आजूबाजूला नवरा नव्हता, बाबा गेले होते, कोंबडी घरी होती.

"काय बगत बसलीस गं?" आई म्हणाल्या. मला म्हणाल्या. "उठ. ते खालचं तोंड उघड. चाचांचं आवण कवाचं वाट बगतंय."

खालचं तोंड आमच्या घरात आईंशिवाय कोणी उघडलेलं मी पाहिलेलं नाही. बाबांनीही नाही. पाणी खाली द्यायचं की नाही ते त्यांनीच ठरवायचं, आणि हातही त्यांचाच. मी त्यांच्याकडे बघत राहिले. "अगं उठ की," त्या पुन्हा म्हणाल्या, "का कुकू लावून सांगू?"

मी खालच्या बांधावर गेले. गेल्या वर्षी त्यांनी जास्तीचे लावलेले दोन दगड अजून तिथेच होते. ते काढले, चिखलाचा गोळा दोन्ही हातांनी उपसला. पाणी आधी घुटमळलं, मग वाट सापडल्यासारखं खाली उतरलं आणि चाचांच्या पिवळ्या पडलेल्या कोपऱ्यात पसरत गेलं. पलीकडून चाचा छत्री घेऊन धावत येताना दिसले. छत्री टाकून ते ओंजळीत पाणी घेऊन बघायला लागले, आणि एवढ्या लांबूनही मला त्यांचं हसणं ऐकू आलं.

आई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"त्या पांढऱ्या गाडीवाल्याला फोन कर," त्या म्हणाल्या. "दिवाळीला ये म्हणावं. नव्या भाताचे पोहे देते त्याला."